दहशतीचा बंदोबस्त आणि मतभेदाचे स्वातंत्र्य

पुण्यात १८९७ च्या जून महिन्यात, २२ तारखेच्या रात्री, रँडसाहेबावर गोळी झाडण्यात आली. मारेकऱ्यांचा माग लागण्यास पोलिसांना काही महिने लागले. सरकारपाशी मात्र तितका धीर नव्हता. जुलै महिन्यातच शहरातील प्रतिष्ठित सरदार नातू बंधूंना उचलून बंदिवासात टाकण्यात आले. त्यासाठी आधार शोधला तो १८२७ सालच्या मुंबई इलाख्याच्या पंचविसाव्या रेग्युलेशनचा. तो कायदा तेव्हा सत्तर वर्षांचा जुना होता आणि लोक त्याला विसरूनही गेले होते. नातू बंधूंवर आरोपपत्र ठेवले गेले नाही, खटला चालला नाही, साक्षीपुरावा झाला नाही. पुढे चाफेकर बंधू सापडले, त्यांच्यावर रीतसर खटला होऊन त्यांना शिक्षाही झाली. तरीही नातू बंधूंच्या सुटकेस जवळजवळ दोन वर्षे जावी लागली. ज्यांच्याविरुद्ध पुरावा होता त्यांचा निकाल लागला. ज्यांच्याविरुद्ध नुसता संशय होता ते मात्र आत खितपत राहिले.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे की, दहशतवादाला आळा घालण्यासाठी केलेल्या कायद्यांमुळे नागरिकांच्या स्वातंत्र्याला धोका पोहोचतो काय, हा प्रश्न आज जितक्या हिरीरीने विचारला जातो तितका तो नवा नाही. राज्यकर्ते परके होते तेव्हाही तो होता, आणि राज्य आपले झाल्यावरही तो सुटलेला नाही. फरक एवढाच की, परक्यांच्या कायद्याला ‘काळा कायदा’ म्हणणे सोपे होते. १९१९ साली रौलट कायदा आला तेव्हा ‘ना वकील, ना अपील, ना दलील’ हे त्याचे वर्णन सर्वतोमुखी झाले. पंडित मदनमोहन मालवीय आणि बॅरिस्टर जीना यांच्यासारख्या भिन्न प्रकृतीच्या सभासदांनी कायदेमंडळाचे राजीनामे दिले. त्या कायद्याविरुद्धच्या चळवळीतूनच १३ एप्रिलचा जालियनवाला बाग घडला. १९२२ मध्ये सरकारने निमूटपणे तो कायदा रद्दही केला. आपल्याच प्रतिनिधींनी केलेल्या कायद्याविषयी बोलताना मात्र जिभेला जरा अडखळल्यासारखे होते, आणि ते एका परीने योग्यही आहे.

योग्य अशासाठी की, संकट खोटे नाही. मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी एका दुपारी झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मेली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी उपनगरी गाड्यांत स्फोट झाले, त्यांतील मृतांची संख्या दीडशेच्या पुष्कळच वर होती. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यात १६६ जण प्राणास मुकले. हैदराबादेत मक्का मशिदीत नमाजासाठी जमलेले लोक आणि लुंबिनी उद्यानात मुलाबाळांसह फिरावयास गेलेले लोक एकाच वर्षी, २००७ साली, बळी पडले. अशा गुन्ह्यांत साक्षीदार भीतीने मागे सरतात, पैसा परदेशातून येतो, कट एका राज्यात शिजतो आणि घात दुसऱ्यात होतो. सामान्य फौजदारी कायदा प्रामुख्याने घरफोडी, मारामारी आणि खून यांच्यासाठी रचलेला. तो अशा वेळी तोकडा पडतो, हे सरकारचे म्हणणे सहजासहजी उडवून लावण्याजोगे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ साली, कर्तारसिंग यांच्या प्रकरणात, ‘टाडा’ कायदा मुख्यतः वैध ठरवला तो ह्याच विचाराने.

तेव्हा विशेष कायदा असावा की नसावा, ह्यापेक्षा तो कसा असावा, तो कोणावर चालावा आणि चुकला तर दुरुस्त कसा व्हावा, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

आपल्या राज्यघटनेची एक गोष्ट परदेशी अभ्यासकांना नेहमी चकित करते. खटल्यावाचून स्थानबद्ध करण्याचा अधिकार तिने मूलभूत हक्कांच्याच प्रकरणात, बाविसाव्या अनुच्छेदात, मान्य केला आहे. घटना अमलात येऊन महिना उलटतो न उलटतो तोच १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. तो तात्पुरता म्हणून आला, पण मुदतवाढ घेत घेत १९६९ च्या अखेरपर्यंत टिकला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ च्या जानेवारीत नेत्यांची धरपकड झाली, ती ह्याच कायद्याच्या बळावर. त्यानंतर १९७१ चा ‘मिसा’ आला. त्याचा उद्देश देशाची अंतर्गत सुरक्षितता हा होता. प्रत्यक्षात आणीबाणीच्या काळात त्याखाली सुमारे ३५ हजार माणसे डांबली गेली, असे शहा आयोगाच्या अहवालात नमूद आहे. त्यांत हेर, घातपाती किती आणि एस. एम. जोशी किंवा मृणाल गोरे यांच्या पंथातले, म्हणजे भर सभेत बोलणारे, किती, हे महाराष्ट्राला तरी समजावून सांगावयास नको.

त्याच काळातील एक निकाल मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. नऊ उच्च न्यायालयांनी असे म्हटले होते की, आणीबाणीतही बंदिवानाला आपली अटक बेकायदेशीर असल्याचे न्यायालयात मांडता येते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते म्हणणे फेटाळले. जबलपूरचे हे प्रकरण. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध बाजूस राहिले आणि त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी गेली. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. पुढे २०१७ साली खाजगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवून रद्द करण्यात आला, आणि ते शब्द लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव. मुलाने वडिलांची चूक खोडली, ह्याचे कौतुक झाले आणि ते व्हावे. परंतु दुरुस्तीला एक्केचाळीस वर्षे लागली, आणि १९७६ साली कोठडीत असलेल्याला तिचा काडीचाही उपयोग झाला नाही.

आज ज्या कायद्याभोवती वाद आहे तो बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा १९६७ चा. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘यूएपीए’ म्हणतात. मुळात तो फुटीर संघटनांवर बंदी घालण्यापुरता होता. दहशतवाद हा त्याचा विषय नव्हता. दहशतवादासाठी १९८५ मध्ये ‘टाडा’ आला. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब त्याने पुराव्यात ग्राह्य धरला. ही सवलत ब्रिटिशांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यानेही पोलिसांना दिली नव्हती. त्याखाली सत्तर हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. शिक्षा झालेल्यांचे प्रमाण नगण्य राहिले. पंजाबातील बंडाळीसाठी केलेला हा कायदा गुजरातेत हजारो लोकांवर लावला गेला, आणि बडोद्याच्या वाचकाला ठाऊकच आहे की गुजरातेत तेव्हा पंजाबासारखे काहीही घडत नव्हते. ‘टाडा’ १९९५ मध्ये संपला. पण नाशिकच्या विशेष न्यायालयाने त्याखालील अकरा आरोपींना निर्दोष सोडले ते २०१९ च्या फेब्रुवारीत, अटकेनंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. कायदा मेला, तरी त्याचा खटला चोवीस वर्षे जिवंत होता.

नंतर संसदेवरील हल्ल्याच्या पार्श्वभूमीवर २००२ मध्ये ‘पोटा’ आला. त्याची एक कथा तर नाटककाराला सुचू नये अशी आहे. तामिळनाडूतील खासदार वायको यांनी लोकसभेत ह्या कायद्याला पाठिंबा दिला. काही महिन्यांतच एका सभेत त्यांनी श्रीलंकेतील तमिळ वाघांच्या बाजूने भाषण केले, आणि ज्या कायद्यासाठी हात वर केला होता त्याच कायद्याखाली त्यांना तुरुंगात जावे लागले. दीड वर्षाहून अधिक काळ ते आत होते. अखेर २००३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की, दहशतवादाला उत्तेजन देण्याचा हेतू नसताना केवळ तोंडी सहानुभूती दाखवणे हा गुन्हा होत नाही. कायदा दुसऱ्यासाठीच असतो, अशी समजूत करून घेणारांनी हे प्रकरण वाचावे.

२००४ मध्ये ‘पोटा’ रद्द झाला तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा घाईचा होता. त्याच वर्षी ‘पोटा’मधील पुष्कळ कलमे १९६७ च्या कायद्यात आणून बसवण्यात आली. पोलिसांपुढील कबुलीजबाबाचे कलम वगळले, हे त्या सरकारच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण ‘टाडा’ दर दोन वर्षांनी आणि ‘पोटा’ तीन वर्षांनी संसदेपुढे पुन्हा यावा लागे, ती मुदतीची अटही त्याबरोबर गेली. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ च्या डिसेंबरात जामिनाची दारे अरुंद करण्यात आली, आणि २०१९ मध्ये संघटनेप्रमाणे एखाद्या व्यक्तीलाही खटल्यावाचून, सरकारी अधिसूचनेने, दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. २००४ आणि २००८ च्या दुरुस्त्या एका पक्षाच्या राजवटीत झाल्या, २०१९ ची दुसऱ्याच्या. म्हणून हा प्रश्न पक्षाच्या चष्म्यातून पाहण्यात अर्थ नाही. विरोधात असताना निषेध आणि सत्तेवर असताना वापर, हा आपल्याकडे जवळजवळ शिरस्ता झाला आहे.

ह्या कायद्याचा खरा भार कोठे पडतो, ते जामिनाच्या कलमात पाहावे. सामान्य कायद्यात साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र न आले तर आरोपी जामिनावर सुटतो. येथे ती मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. अटकपूर्व जामीन नाहीच. आणि आरोपपत्र आल्यावर, पोलिसांचे कागद पाहून आरोप सकृद्दर्शनी खरा मानण्यास वाजवी आधार आहे असे न्यायाधीशाला वाटले, तर त्याने जामीन देऊ नये, असे त्रेचाळीस-ड ह्या कलमाचे पाचवे पोटकलम सांगते. येथे कागद एकाच बाजूचे, हे ध्यानात घ्यावे. उलटतपासणी व्हावयाची असते, बचावाचा साक्षीदार उभा राहावयाचा असतो. तोवर कागद म्हणतो तेच खरे. २०१९ मध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, जामिनाच्या वेळी न्यायाधीशाने पुराव्याची बारकाईने छाननी करावयाची नाही. म्हणजे पुरावा कच्चा आहे हे दाखवण्याची संधी खटला उभा राहील तेव्हा, आणि खटला उभा केव्हा राहील ते कोणी सांगू शकत नाही. २०२१ मध्ये नजीब प्रकरणात त्याच न्यायालयाने एक झरोका उघडला: खटला लवकर संपण्याचा संभव नसेल आणि आरोपीने दीर्घ काळ तुरुंगात काढला असेल, तर घटनेने दिलेला जीविताचा हक्क ह्या कलमाने आडवता येत नाही. चांगला निकाल, पण त्याचा लाभ मिळण्यासाठी आधी चार-पाच वर्षे आत काढावी लागतात!

संख्येकडे पाहावे. केंद्र सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत राज्यसभेत दिलेल्या उत्तराप्रमाणे २०१६ ते २०१९ ह्या चार वर्षांत ह्या कायद्याखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. ह्या दोन आकड्यांचा सरळ भागाकार करणे न्याय्य नव्हे. कारण दोषी ठरलेले बहुधा आधीच्या वर्षांतील अटकेचे असतात, आणि अटक झालेल्यांपैकी पुष्कळांचे खटले चालू असतात. तरीही हे उघड आहे की, ज्यांना पकडले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत, शिक्षा म्हणून जे काही भोगावयाचे ते निकालाआधीच भोगून होते.

स्टॅन स्वामी यांचे उदाहरण ह्याच जागी बसते. झारखंडात आदिवासींच्या जमिनीच्या आणि तुरुंगातील कच्च्या कैद्यांच्या प्रश्नांवर काम करणारे हे येशूसंघीय धर्मगुरू. भीमा-कोरेगावनंतरच्या एल्गार परिषद प्रकरणात २०२० च्या ऑक्टोबरात त्यांना रांचीहून आणण्यात आले, तेव्हा त्यांचे वय ८३ होते. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध, हा आरोप. तो त्यांनी नाकारला होता. कंपवातामुळे हातात पेला धरवत नसल्याने त्यांनी नळी बसवलेला पेला मागितला, आणि त्या मागणीचाही न्यायालयात अर्ज करावा लागला. २०२१ च्या मार्चमध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. ५ जुलै रोजी मुंबईच्या रुग्णालयात, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, त्यांचे निधन झाले. आरोप खरा होता की खोटा, हे आता कोणतेही न्यायालय सांगणार नाही. दोषी ठरलेल्या कैद्यालाही वार्धक्यात जी सवड मिळू शकते, ती दोषी न ठरलेल्याला मिळाली नाही.

दिल्लीचे प्राध्यापक साईबाबा चाकाच्या खुर्चीवाचून हलू शकत नव्हते. गडचिरोलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सोडले, तो निकाल दुसऱ्याच दिवशी थांबवला गेला, आणि फेरसुनावणीनंतर २०२४ च्या मार्चमध्ये त्याच खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. सात महिन्यांनी हैदराबादेत ते वारले. त्यांच्याबरोबरचा एक आरोपी तर निकालापूर्वीच नागपूरच्या तुरुंगात मरण पावला होता.

आता मतभेदाचा प्रश्न. कायद्यात ‘मतभेद’ हा शब्द गुन्हा म्हणून कोठेही नाही, असे सरकारपक्षाकडून सांगण्यात येते, आणि ते खरे आहे. परंतु पंधराव्या कलमातील व्याख्या वाचावी: स्फोटके, बंदुका, विषारी द्रव्ये अशी यादी देऊन शेवटी ‘अथवा अन्य कोणत्याही प्रकारच्या साधनाने’ असे शेपूट जोडले आहे, आणि दहशत बसवण्याच्या हेतूबरोबरच दहशत बसण्याचा ‘संभव’ असणेही पुरेसे मानले आहे. अशा लवचिक शब्दांत रस्ता अडवणारे आंदोलनही बसवता येते. २०२१ च्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तीन विद्यार्थ्यांना जामीन देताना नेमके हेच म्हटले: निषेध दाबण्याच्या उतावीळपणात निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यांच्यामधील रेषा पुसट होऊ लागली आहे. तो निकाल इतरांनी आधार म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जामीन मात्र कायम राहिला.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. एकाला पकडले की शंभर जण आपणहून गप्प बसतात. सभेला जावे की न जावे, अर्जावर सही करावी की नाही, आदिवासी भागातल्या चकमकीची बातमी द्यावी की नाही, असा विचार घराघरांत सुरू होतो, आणि त्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही. गोव्याच्या जुन्या पिढीने ही अवस्था पाहिली आहे. सालाझारच्या अमलात लग्नपत्रिकाही सरकारी नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. सभाबंदीच्या विरोधात उभे राहिलेले त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. आजचा भारत म्हणजे सालाझारचा गोवा नव्हे. येथे न्यायालये सोडतात, वृत्तपत्रे लिहितात आणि निवडणुका होतात. पण भीतीची सवय कशी लागते, हे जाणून घ्यावयाचे तर तो अनुभव जवळचा आहे.

ह्या चर्चेत आणखी एका बाजूचा पुष्कळदा विसर पडतो. ती म्हणजे स्फोटात घरचे माणूस गमावलेल्यांची. त्यांना ह्या कठोर कायद्यांनी काय दिले? २००६ च्या गाड्यांतील स्फोटांबद्दल महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली बारा जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाल्या, पैकी पाच फाशीच्या. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. तो निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांतच मनाई केली, आणि राज्याचे अपील पुढे गेले. मालेगावात २००६ च्या स्फोटासाठी पकडलेल्या मुसलमान तरुणांना २०१६ मध्ये दोषमुक्त करण्यात आले. २००८ च्या स्फोटातील सातही हिंदू आरोपी २०२५ मध्ये पुराव्याअभावी सुटले. मक्का मशिदीच्या स्फोटानंतर संशयावरून धरलेले स्थानिक तरुण सुटले, आणि नंतर ज्यांच्यावर खटला चालला तेही २०१८ मध्ये सुटले. आरोपी कोणत्या धर्माचे होते ह्यावरून आपापल्या परीने आनंद वा संताप मानणारे पुष्कळ निघाले. मृतांचे नातेवाईक मात्र प्रत्येक निकालानंतर रिकाम्या हाताने घरी गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी अशी की, संन्याशी सुळावर असतो तोवर चोराला कोणी शोधत नाही.

ह्याउलट २००८ च्या हल्ल्यातील कसाबचा खटला पाहावा. त्याला सरकारी खर्चाने वकील दिला गेला, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले, आणि २०१२ च्या नोव्हेंबरात येरवड्यास शिक्षेची अंमलबजावणी झाली. चार वर्षांत सर्व संपले. त्याच खटल्यातील दोन भारतीय आरोपींना पुरावा अपुरा म्हणून त्याच न्यायाधीशांनी सोडले, आणि देश बुडाला नाही. तपास नेटका असला तर कायद्याच्या कडकपणावर फारसे विसंबावे लागत नाही, असे ह्यावरून म्हणता येईल. आणि तपास ढिला असला तर कडक कायदा त्यावर पांघरूण घालतो, असेही.

दरम्यान कायदे वाढतच आहेत. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. जहाल डाव्या संघटनांचा बंदोबस्त हा त्याचा सांगितलेला हेतू. मूळ मसुद्यावर बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, संयुक्त समितीने काही शब्द बदलले, आणि एरवी विधेयकांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या लोकांनी कलमे वाचली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. १९९५ च्या फेब्रुवारीत मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्रे लिहून ‘टाडा’ची मुदत वाढवू नका अशी विनंती केली होती, आणि मुदत वाढली नाही. तशी विनंती करण्याचा प्रसंग तेव्हा आला, कारण मुदत संपत आली होती. १९६७ च्या कायद्याला मुदतच नाही; कोणी मुद्दाम प्रस्ताव आणल्याखेरीज तो संसदेपुढे पुन्हा तपासणीसाठी येत नाही.